खाटेवरून दिसणारे झाड

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरील आमच्या धर्मादाय रुग्णालयाने अस्थिरोग आणि शस्त्रक्रिया विभागासाठी नवी इमारत बांधायचे ठरवले, तेव्हा बांधकाम समितीवर परिचारिकांच्या वतीने माझे नाव घालण्यात आले. मी तेथे मेट्रन आहे आणि नोकरीचा बहुतेक काळ शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात काढला आहे. समितीत परिचारिका असावी हा आग्रह आमच्या ज्येष्ठ सर्जनसाहेबांचा होता. त्यांचे म्हणणे असे की डॉक्टर राउंड घेऊन निघून जातो, खाटेजवळ रात्रंदिवस असते ती सिस्टर. इमारतीसाठी निवडलेली जागा रुग्णालयाच्या मागच्या अंगाची होती. तेथे एक डेरेदार कडुनिंब, एक जुनी चिंच, दोन जांभळी आणि त्यांच्या सावलीत सतरंजी टाकून डबा खाणारे नातेवाईक, एवढेच काय ते होते. रुग्ण लवकर बरे व्हावेत यासाठी नव्या इमारतीत निसर्गाला स्थान द्यावे, असे विश्वस्तांच्या ठरावातच लिहिलेले होते. हे वाक्य नकाशावर, मग विटांमध्ये आणि शेवटी रोजच्या ड्यूटीत कसे उतरत गेले, ते मी येथे सांगणार आहे.

आर्किटेक्टने सादर केलेला पहिला आराखडा दिसायला फार देखणा होता. प्रवेशकक्षात दोन मजली उंच भिंतीवर झाडांच्या कुंड्यांची मांडणी होती, तिच्या पायथ्याशी पाण्याचा छोटा धबधबा होता आणि वरून काचेच्या छतातून ऊन येत होते. मी मात्र नकाशाचे पान उलटून वॉर्डाचे मजले पाहिले. तेथे खिडक्या बंद काचेच्या होत्या, त्यांची सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, जमिनीपासून साडेतीन फुटांवर होती, आणि सर्व खाटांची डोक्याची बाजू खिडकीच्या भिंतीला टेकलेली होती. म्हणजे हिरवाई होती ती केसपेपर काढण्यापुरता माणूस उभा राहतो तेथे. जेथे तो आठवडा-पंधरवडा पाठीवर पडून असतो तेथून एक पानसुद्धा दिसणार नव्हते. मी हे बोलून दाखवले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “मेट्रनबाई, आल्या आल्या माणसाला प्रसन्न वाटायला हवे ना?” मी म्हटले, “आल्या आल्या त्याला नंबर कधी लागणार एवढेच हवे असते, साहेब. प्रसन्न वाटायची गरज तिसऱ्या दिवशी लागते.”

आर्किटेक्ट तरुण होता, पण हट्टी नव्हता. पुढच्या बैठकीला येताना त्याने रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाचा १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेला छोटासा निबंध आणला आणि तो मला वाचायला दिला. रुग्णालयांच्या रचनेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हा निबंध असतो, परंतु मूळ निबंध वाचलेले लोक त्या मानाने थोडे असावेत, कारण त्यातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी कोणाकडून ऐकली नव्हती. उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या; वय, लिंग, धूम्रपान, मजला अशा बाबतीत सारखे असलेले दोन रुग्ण, त्यांतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत आणि दुसऱ्याच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, भिंत दिसणारे ८.७० दिवस. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पहिल्या दिवशी मात्र दोघांत फरक नव्हता, आणि तो नसणारच, कारण त्या दिवशी भुलीच्या गुंगीत खिडकी कोणाला सुचते?

मला खिळवून ठेवले ते याच्या पुढच्या भागाने. उलरिक यांनी परिचारिकांनी रुग्णाच्या कागदांवर लिहिलेले शेरे मोजले होते. रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे, त्याला बराच धीर द्यावा लागतो आहे, असे शेरे भिंत दिसणाऱ्यांच्या बाबतीत दर रुग्णामागे ३.९६ होते आणि झाडे दिसणाऱ्यांच्या बाबतीत १.१३. शेरे लिहिणाऱ्या परिचारिकांना आपण कोणत्या शास्त्राची सामग्री गोळा करत आहोत याची कल्पनाही नसणार. त्या आपल्या ड्यूटीच्या शेवटी, रिपोर्ट देण्याच्या घाईत, चार शब्द लिहून मोकळ्या होत होत्या. असे शेरे मी आयुष्यभर लिहिले आहेत आणि माझ्या हाताखालच्या परिचारिका मुलींना लिहायला शिकवले आहेत. त्यांना कोणी कधी एवढे गांभीर्याने वाचेल असे मला वाटले नव्हते.

तरीही या निबंधावर सारा डोलारा उभारू नये, असे मत मी समितीत मांडले. रुग्ण अवघे ४६, शस्त्रक्रिया एकच, रुग्णालय एकच. तुलना होती ती झाडे आणि विटांची भिंत यांची. झाडे आणि गजबजलेला रस्ता, किंवा झाडे आणि बाजार यांची नव्हे. कंटाळलेल्या माणसाला कधीकधी भाजीवाल्याची हातगाडीही पुरते. शिवाय पित्ताशयाची शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, त्यामुळे आठ दिवसांतून पाऊण दिवस वाचवण्याचा तो हिशेब आज त्या शस्त्रक्रियेला लागूच पडत नाही. मग आजही दीर्घकाळ पडून राहावे लागते ते कोणाला? आमच्याकडे खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना, पायाला वजन लावून ठेवलेल्यांना, द्राक्षाच्या मांडवावरून किंवा दुचाकीवरून पडून दोन-तीन हाडे मोडून घेतलेल्या तरुणांना. म्हणून निसर्गावर जो काही खर्च करायचा तो आधी अस्थिरोग वॉर्डात करावा आणि प्रवेशकक्षातील धबधबा तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवले. ते मान्य होण्याला निबंधापेक्षा धबधब्याच्या पंपाचे वीजबिल अधिक कारणीभूत ठरले, हेही सांगून टाकते.

त्यानंतर आम्ही एक प्रयोग केला आणि साऱ्या कामात तोच मला सर्वांत उपयोगी वाटतो. एका दुपारी जुन्या वॉर्डातील रिकाम्या खाटांवर समितीच्या सदस्यांना झोपवले. अध्यक्ष, सर्जनसाहेब, आर्किटेक्ट, हिशेबनीस, सर्वांना. पाठीवर, उशी एकच, आणि कुशीवर वळायचे नाही अशी ताकीद देऊन, कारण खुब्याच्या रुग्णाला आम्ही हेच सांगतो. गादीसकट खाटेची उंची साधारण सव्वादोन फूट भरते, म्हणजे सपाट पडलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर असतो आणि खाटेचे डोके उचलले तर साडेतीन फुटांच्या आसपास. साडेतीन फुटांवरच्या सिलमधून अशा माणसाला आभाळाची एक चौकट दिसते आणि तिच्यात बहुधा एसीचे बाहेरचे यंत्र असते. त्यातही खिडकी डोक्यामागे असेल तर तेवढेही नाही. मग त्याला दिवसभर दिसते ते छत. अध्यक्षांना डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट दिसली, सर्जनसाहेबांना ओल आलेला कोपरा दिसला, आणि हिशेबनीस काही वेळाने म्हणाले की पंख्याच्या पात्यावरची धूळ कोणी पुसत नाही का. आर्किटेक्टने आपला मोबाइल उशीवर ठेवून त्या कोनातून छायाचित्रे काढली. त्यानंतर प्रत्येक खोलीचा नकाशा आणताना तो उशीवरून काय दिसेल याचे चित्र सोबत जोडू लागला.

त्याने आम्हाला फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरुग्णालयाची चित्रेही दाखवली. आल्व्हार आल्टो यांनी रचलेली ही इमारत १९३३ साली पूर्ण झाली. आडवा पडलेला माणूस उभ्या माणसापेक्षा वेगळी खोली पाहतो, हे ध्यानात घेऊन आल्टो यांनी तेथील छताला शांत, गडद रंग दिला आणि दिवा रुग्णाच्या नजरेच्या रेषेबाहेर ठेवला. आमच्याकडे मग छताला चकाकी नसलेला फिकट हिरवट रंग आला आणि ट्यूबलाइट खाटेच्या वरून बाजूच्या भिंतीवर गेल्या. सलाइन लावताना उजेड पुरेल का, ही शंका माझ्या मुलींनी काढली आणि ती रास्त होती. तिच्यासाठी प्रत्येक खाटेला हाताने वळवता येणारा स्वतंत्र दिवा द्यावा लागला.

खिडक्यांची सिल दोन फुटांपर्यंत खाली आणली गेली. यात सुरक्षेचा प्रश्न मोठा होता. शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणूस रात्री भ्रमिष्टासारखा उठून चालू लागतो, एखादा निराश रुग्ण भलतेच करू शकतो, आणि भेटीच्या वेळी आलेली लहान मुले असतातच. म्हणून खालच्या भागात न उघडणारी कडक काच, बाहेरून आडव्या पट्ट्या नसलेला उभ्या गजांचा गराद, म्हणजे मूल त्यावर पाय देऊन चढणार नाही, आणि वरच्या भागात हाताच्या वितीएवढीच उघडणारी तावदाने, अशी रचना झाली. खाटा खिडकीच्या भिंतीपासून काढून आडव्या भिंतींना लावल्या, आणि त्याही किंचित तिरप्या. कारण शेजारची खिडकी पाहण्यासाठी मान पूर्ण वळवावी लागली तर दुखणारा माणूस ती वळवत नाही. खिडकी पायाच्या बाजूला तिरकस आली की न वळता दिसते. चार खाटांच्या खोलीत दोन खाटा आतल्या बाजूला राहतात, त्यांनाही झाड दिसावे म्हणून त्या अर्ध्या खाटेने पुढे सरकवल्या. एवढे करताना दर मजल्यावर काही खाटा कमी झाल्या आणि बैठकीत खरा वाद पेटला तो तेथे. “एक खाट कमी म्हणजे वर्षाचे उत्पन्न किती कमी, याचा विचार करा,” असे हिशेबनीस म्हणाले. माझ्याजवळ त्यावर आकड्यांचे उत्तर नव्हते. सर्जनसाहेबांनी एवढेच म्हटले की ट्रॉली आणि वॉकर यांना वळायला जागा नसलेल्या वॉर्डात मी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णाला चालवू शकत नाही, आणि न चाललेला रुग्ण खाट सोडत नाही. त्या मुद्द्यावर खाटांचा प्रश्न सुटला.

झाडांचे प्रकरण याहून लांबले. कडुनिंब आणि चिंच दोन्ही पहिल्या आराखड्यात जात होती. शहरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचे संरक्षण मिळाले आहे आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याची अट आली आहे. चिंच त्या वयाची निश्चितच होती. पण कायद्यापेक्षा आर्किटेक्टने केलेला विचार मला अधिक पटला. नवे झाड दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तोपर्यंत खिडकी खाली आणण्याचा सारा खटाटोप समोरच्या इमारतीची गच्ची पाहण्यासाठी ठरला असता. उभे झाड हीच तयार सामग्री होती. त्यामुळे इमारतीची एक बाजू आत घेऊन कोन काढला, कडुनिंबाच्या अंगाला तळघर रद्द केले, आणि मुळांपासून खणकाम किती दूर ठेवायचे हे स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घेतले. जांभळींपैकी एक रीतसर परवानगीने गेली. दुसरी वाचली, पण चालण्याच्या वाटेपासून तिला दूर ठेवावे लागले, कारण जून महिन्यात जांभळांचा सडा पडला की फरशी निसरडी होते, आणि सांधा बदललेल्या माणसाला वॉकर घेऊन त्यावरून चालवणे म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेला आमंत्रण.

चिंचेने एक अनपेक्षित अडचण उभी केली. तिच्याकडे उघडणाऱ्या खोलीत सुरगाण्याकडच्या एका आजींना ठेवले, तेव्हा त्यांनी संध्याकाळ झाली की पडदा ओढून घ्यायला सांगितले. चिंचेवर काय असते हे तुम्हा शहरातल्यांना ठाऊक नाही, असे त्या मला समजावून सांगत होत्या. त्यांच्यानंतरही काहींनी खोली बदलून मागितली. परदेशी निबंधांतून झाड म्हणजे झाड, असे गृहीत धरलेले असते. आमच्या रुग्णांच्या मनात प्रत्येक झाडाचा स्वतंत्र इतिहास असतो, औदुंबराखाली ते हात जोडतात आणि चिंचेखाली निजत नाहीत. आम्ही त्या खोल्यांना दाट पडदे दिले आणि तो ओढायचा की नाही हे रुग्णाच्या हाती ठेवले. तसे पाहता रुग्णालयात माणसाच्या हाती फारच थोड्या गोष्टी उरतात, तेव्हा पडद्याची दोरी त्याच्या हाताला लागेल अशी असणे हेही उपचारात मोडते, असे माझे मत आहे.

जंतुसंसर्ग नियंत्रण समितीशी झालेल्या चर्चेत मी दोन्ही बाजूंना होते, कारण त्या समितीचीही मी सदस्य आहे. झाडांविषयीचा उत्साह तेथे येऊन थोडा थंडावतो, आणि थंडावला पाहिजे. कुंडीतील मातीत अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला त्यांचा त्रास होत नाही, परंतु प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसांत ते घर करू शकतात. फुलदाणीतील शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून वॉर्ड, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहाचा परिसर येथे एकही कुंडी नाही, आणि भेटायला येणाऱ्यांचे पुष्पगुच्छ खालीच ठेवून घेतले जातात. झाड काचेच्या पलीकडे, जमिनीत. प्रवेशकक्षातील धबधब्याला शेवटचा धक्का याच समितीने दिला, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आमच्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण नेमाने येतात. पंप बंद पडलेला धबधबा म्हणजे रुग्णालयाने स्वतः पाळलेला डासांचा हौद. भिंतीलगत दाट झुडपे नकोत, हा आमच्या माळीमामांचा आग्रह होता. त्यांत उंदीर येतात आणि उंदरांमागून धामण येते, एखाद वेळी घोणसही. खिडक्यांवरील छज्ज्यांना उतार दिला, म्हणजे कबुतरांना बसायला जागा उरत नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेचा श्वसनाला होणारा उपद्रव आम्ही जुन्या इमारतीत पुरेसा पाहिला आहे.

नवीन लागवडीतही असेच निवडावे लागले. सप्तपर्णी शहरात सर्वत्र लावलेली दिसते, पण दिवाळीच्या सुमारास तिच्या उग्र वासाने धाप असलेल्या माणसांना बेचैन होते. काटेसावरीचा कापूस उडतो. कण्हेर विषारी, आणि आमच्या आवारात मुले खेळतात. शेवटी बकुळ, बहावा, तामण, कदंब, करंज आणि एक सोनचाफा अशी देशी झाडे ठरली. सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर लोकसहभागातून उभी राहिलेली देवराई समितीतील काही जण पाहून आले होते, त्याचा या निवडीवर परिणाम झाला असावा. पारिजातकाला मी विरोध केला होता, कारण सकाळी वाटेवर फुलांचा खच पडतो. तो वाटेपासून लांब, नातेवाइकांच्या बाजूला लावायचे ठरल्यावर माझा विरोध मावळला.

हवेचा विचार हा या साऱ्याचा कमी दिसणारा पण माझ्या मते अधिक वजनाचा भाग आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच परिचारिकांसाठी लिहून ठेवले होते की रुग्णाला आधी बाहेरच्यासारखी शुद्ध हवा हवी आणि तिच्या खालोखाल उजेड. शिवाय रंग आणि सुंदर वस्तू यांचा परिणाम केवळ मनावर होत नाही, शरीरावरही होतो, हेही त्यांनी नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नैसर्गिक वायुवीजनाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत सर्वसाधारण वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा हे प्रमाण सांगितले आहे. पेरू देशातील लिमा शहरातील रुग्णालयांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आमच्या जुन्या इमारतीची बाजू घेणारा होता. दारे-खिडक्या पूर्ण उघडल्यावर तेथील खोल्यांतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, यंत्रावर चालणाऱ्या अलगीकरण खोल्यांत १२ वेळा. आणि उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत ४० वेळा, तर नव्या नैसर्गिक हवेच्या इमारतींत १७ वेळा. क्षयाचा प्रसार रोखण्यासाठी हे आकडे काढले होते, पण वॉर्डात खोकणारा माणूस क्षयाचाच असतो असे नाही.

नाशिकची हवा या बाबतीत आपल्याला अनुकूल आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो खरा, पण रात्री उतरतो, आणि वर्षाचा बराच काळ पंखा पुरतो. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग गाळलेल्या हवेवर, बंदच राहिले; तेथे तडजोड शक्य नव्हती. वॉर्डांच्या खिडक्या मात्र समोरासमोर आल्या, त्यांना मच्छरजाळ्या बसल्या, जाळीमुळे वारा कमी होतो म्हणून उघडणारा भाग वाढवला गेला, आणि छताजवळ झरोके ठेवले. पश्चिमेच्या बाजूला पावसाचा मारा आणि दुपारचे ऊन दोन्ही येतात. तिकडे कडुनिंब आहे, खोल छज्जे आहेत, तरीही जुलैत त्या अंगाच्या खिडक्या बऱ्याचदा बंद ठेवाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांखाली पारा गेला की वृद्ध रुग्ण झरोकेसुद्धा बंद करायला लावतात. केव्हा काय उघडायचे आणि केव्हा काय बंद करायचे, हे कोणाचे काम, असा प्रश्न पहिल्याच थंडीत उभा राहिला. रात्रपाळीच्या मावशींचे म्हणणे ते सिस्टरचे काम, सिस्टरचे म्हणणे ते मावशींचे. आता ते ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेले आहे, तपमान घेण्याच्या वेळेसोबत.

नातेवाइकांसाठी नव्याने काही शोधावे लागले नाही, कारण त्यांनी आपली जागा आधीच शोधलेली होती. पेठ, दिंडोरी, कळवणकडून आलेली माणसे प्रतीक्षाकक्षातील खुर्च्यांवर फार वेळ बसत नाहीत. ती झाडाखाली जातात. आर्किटेक्टने तेथे बाक आणि छत्र्या काढल्या होत्या, त्या खोडून कडुनिंबाभोवती गावाकडे असतो तसा दगडी पार बांधला. एका अंगाला पिण्याचे पाणी आणि डबा धुण्याची जागा, दुसऱ्या अंगाने चाकाची खुर्ची वर नेता येईल असा उतार, फूटभर उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणात. त्या पारापासून निघून परत तेथेच येणारी वाट आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी आखून घेतली: दोन्ही बाजूंना कठडा, ठराविक अंतरावर टेकायला जागा, आणि मध्ये थोडासा भाग मुद्दाम खडबडीत, कारण रुग्ण घरी जातो तो शेताच्या बांधावर आणि शेणाने सारवलेल्या अंगणात चालायला. आता गुडघा बदललेले बाबा वॉर्डाच्या मार्गिकेत चार पावलांनंतर दमलो म्हणतात आणि या वाटेवर, कोणी बोलायला भेटले तर, पूर्ण फेरी घालतात.

इमारत सुरू झाल्यापासून रुग्ण लवकर बरे होतात का, असे मला सगळेच विचारतात. मी त्याला होकार देत नाही. जुना आणि नवा वॉर्ड यांत खिडक्यांखेरीज पुष्कळ काही बदलले आहे: खाटा नव्या आहेत, परिचारिकांची संख्या वाढली आहे, वेदनाशामके देण्याची पद्धत सुधारली आहे. यातून झाडाचा वाटा वेगळा काढता येणे शक्य नाही. पिट्सबर्ग येथे मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला; त्यात उजेडाच्या बाजूच्या खोल्यांतील रुग्णांनी तासाच्या हिशेबाने २२ टक्के कमी वेदनाशामके घेतली, असे आढळले. आमच्याकडे तशी मोजणी झालेली नाही. मला सांगता येते ते माझ्या मुलींच्या शेऱ्यांविषयी, आणि तेही वाचून, न मोजता. पूर्वी ‘रात्री झोप नाही, वारंवार हाक मारतो’ हे वाक्य ज्या सरावाने लिहिले जाई, तसे आता दिसत नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना होणारा दिवस-रात्रीचा गोंधळ पूर्ण थांबलेला नाही, पण अशा माणसाला “बाबा, बघा, उजाडले,” असे म्हणून बाहेर बोट दाखवता येते, आणि भिंतीवरच्या घड्याळापेक्षा त्याचा त्यावर लवकर विश्वास बसतो. रुग्ण काय बोलतात हेही बदलले आहे. निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार काका पायाला वजन लावलेल्या अवस्थेत रोज सकाळी आभाळ पाहून बागेत कोणती फवारणी करायची हे मुलाला फोनवर सांगत असत. वरच्या मजल्यावरून चामरलेणीचा डोंगर दिसतो. पाऊस कुठपर्यंत आला हे त्यावरून ओळखण्याची तेथे रोज चढाओढ चालते.

उलरिक यांनी आपल्या अभ्यासासाठी १ मे ते २० ऑक्टोबर एवढाच काळ घेतला होता, कारण तिकडे इतर महिन्यांत झाडांना पाने नसतात. आमचा कडुनिंब फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने गाळतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास तांबूस पालवीने भरून जातो. मधले काही दिवसच काय ते उघडे. तेवढ्या काळात गच्चीवरच्या पावसाळी नळ्यांची तोंडे पानांनी बुजतात आणि ती वेळेवर साफ झाली नाहीत तर पहिल्याच वळवात वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. पहिल्या वर्षी तसे झालेही. झाडांची निगा कोणत्या खात्यातून करायची हे अंदाजपत्रकात लिहिलेच नव्हते. सफाई कंत्राटदार ते बागेचे काम म्हणे आणि बागेसाठी माळीमामा एकटे. निसर्गस्नेही म्हणवणाऱ्या इमारतींची छायाचित्रे उद्घाटनाच्या आठवड्यात काढली जातात, त्यामुळे माळ्याचा पगार त्यांत दिसत नाही. आता दुसरा माळी नेमला आहे आणि त्याचा खर्च देखभाल खात्यात, लिफ्टच्या वार्षिक कराराशेजारी, दाखवला जातो.

परिचारिकांच्या विश्रांतीच्या खोलीसाठीही मला थोडे भांडावे लागले. आराखड्यात ती मार्गिकेच्या आत, बिनखिडकीची होती, आणि बारा तासांच्या रात्रपाळीत तेथे बसणारी मुलगी रुग्णाला काय धीर देणार, हे समितीला पटवायला वेळ लागला. शेवटी सामानाची खोली आत गेली आणि आम्ही चिंचेच्या बाजूला आलो. तेथे पडदा कोणी ओढत नाही.

सध्या चर्चा चालू आहे ती डायलिसिस विभागाची. तो अजून जुन्या इमारतीच्या तळघरात आहे. तेथील रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतात, दर वेळी साधारण चार तास एकाच जागी पडून राहतात, आणि हे त्यांना वर्षानुवर्षे करायचे असते; रुग्णालयात सर्वांत जास्त वेळ छत पाहणारी माणसे तीच. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वेच्या अंगाला, बहावा आणि बकुळ लावले आहेत तेथे, हा विभाग न्यावा असा प्रस्ताव मी दिला आहे. अडचण पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राची आणि त्याच्या नळांची आहे. यंत्र तळघरात ठेवून नळ वर न्यायचे की यंत्रच हलवायचे, याचा अंदाज अभियंते काढत आहेत. सर्जनसाहेब अनुकूल आहेत, हिशेबनीस खर्चाचा तपशील मागत आहेत, आणि खुर्च्यांची मांडणी ठरवण्याआधी समितीच्या सदस्यांनी त्या तळघरात एक पूर्ण पाळी, चार तास, पडून राहावे अशी अट मी घातली आहे. अध्यक्षांनी अजून तारीख दिलेली नाही.